ट्रंक उघडलीत, आता आत्याकडे जा

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. राहते डोंबिवलीत, माहेर मिरज तालुक्यातलं. गेल्या दिवाळीत माहेरच्या घराची वाटणी झाली, तेव्हा माळ्यावरून पत्र्याची एक ट्रंक खाली आली. आत कापडात बांधलेले शे-दीडशे मोडी कागद. भाऊ म्हणाला, "रद्दीवालासुद्धा घेणार नाही." ट्रंक तिथेच ठेवून आले, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही. हे लोक कोण होते ते कळावं, घराण्याची वंशावळ करावी, असं फार वाटतं. एका गृहस्थांनी 'शिवकाळापर्यंत नेऊन देतो' म्हणून पंचवीस हजार सांगितले. मुलगी टोरांटोला असते, ती म्हणते ऑनलाइन कोर्स कर, डीएनए चाचणी कर. मला शिकायचंय, पण एकटीने नको. असं शिकणाऱ्यांची कुठे मंडळी असतात का? मोडीचं एक अक्षर येत नाही. साठीत हे डोक्यात शिरेल का? घरातलं जुनं माणूस म्हणाल तर आता एक आत्या उरली आहे, इचलकरंजीला असते, ८७ वर्षांची.
— डोंबिवलीहून एक वाचक

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही अगदी शेवटी, सही करता करता लिहिलीत. मोडी, कोर्स, डीएनए हे सगळं तूर्त बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात इचलकरंजीला जा. कागद माळ्यावर इतकी वर्षं पडून होते, ते आणखी दोन महिने पडून राहतील.

गेल्या गेल्या "आत्या, आपली वंशावळ सांग" असं म्हणू नका. त्यावर "मला मेलीला काय ठाऊक, पुरुषांना विचार" एवढंच उत्तर येतं. माझ्या चुलत आजीने मला हेच ऐकवलं होतं. मग एकदा भाजी निवडताना मी तिला तिच्या लग्नाचं विचारलं. करवली कोण होती, मामा म्हणून पाठीशी कोण उभं राहिलं, मानपानावरून कोण रुसलं. तासाभरात सतरा नावं निघाली आणि त्यातली नऊ बायकांची होती, जी मला कुठल्याच सातबाऱ्यावर सापडली नसती. बाईचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. दोन्ही माहीत असलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. "कुणाचं सुतक आपल्याला दहा दिवस यायचं आणि कुणाचं तीन?" असंही विचारा, भाऊबंदकीचा नकाशाच हातात येईल. घरात श्राद्ध-पक्ष होत असेल तर भटजींनी संकल्पासाठी लिहून घेतलेली चिठ्ठी देवघरात किंवा पंचांगात असते. तीत बाप, आजोबा, पणजोबा, त्यांच्या बरोबरीने आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरची माणसंही येतात. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, अर्थात आत्यांना सांगून.

आणि एक प्रश्न न विसरता विचारा : आपल्याकडे हेळवी यायचा का?

मुंबई-पुण्याकडच्या वाचकांना हा शब्द नवा वाटेल. सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कर्नाटकाच्या उत्तर भागात हेळवी नावाचा समाज पिढ्यान् पिढ्या लोकांच्या वंशावळ्या सांभाळत आला आहे. कानडीत हेळव म्हणजे पांगळा. मूळ पुरुष पांगळा होता म्हणून तो बैलावर बसून गावोगाव फिरायचा, अशी त्यांची कथा. प्रत्येक हेळवी कुटुंबाची गावं ठरलेली आणि गावातली घरंही ठरलेली. काही वर्षांनी एकदा दारात येणार, मूळ पुरुषापासून नावं म्हणून दाखवणार, मधल्या काळात जन्मलेली-गेलेली माणसं विचारून वहीत चढवणार आणि धान्य, कापड, पैसे घेऊन पुढच्या घरी जाणार. आमच्या शेजारच्या घरी आलेला हेळवी मी लहानपणी पाहिला आहे. घरातल्या आजोबांनी त्याला मुद्दाम एक नाव चुकीचं सांगितलं. तो थांबला, वही न उघडता म्हणाला, "तो तुमच्या चुलत्याचा. तुमच्या वाटेचा नाही." आजोबा हसून आत गेले आणि पायलीभर जोंधळे घेऊन आले.

तुमचं गाव नेमकं याच पट्ट्यातलं. तेव्हा गावातल्या तीन-चार जुन्या शेतकरी घरांत विचारलंत तर शेवटचा हेळवी कधी आला होता, कुठून यायचा, हे नक्की कळेल. त्याची वही कानडीत असू शकते, त्यामुळे वाचून दाखवताना आवाज रेकॉर्ड करा. आणि पैसे हातावर ठेवताना घासाघीस करू नका, त्याच्या घराण्याने तुमच्या घराण्याचं काम आधीच करून ठेवलंय.

आता भावाचं. तुम्ही लिहिलं नाहीत, पण मला सदर चालवताना अशी पत्रं इतकी येतात की ओळींमधलं वाचता येतं. बहीण माहेरचे जुने कागद मागायला लागली की भावांच्या पोटात गोळा येतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. तुमचा हक्क हवा की सोडायचा हा वेगळा विषय, तो वकिलाशी बोला. पण कागदांपुरतं मात्र भावाला सरळ सांगा की ट्रंक तुझ्याच घरी राहील, मी फक्त फोटो काढते, आणि ते तूही बघ. त्याच्यासमोर काढा. पुढे मोडी वाचताना एखादी जमीन निघाली तर पहिल्यांदा त्यालाच सांगा. एवढं केलंत की रद्दीची भाषा आपोआप बंद होते.

फोटो दिवसाउजेडी, खिडकीपाशी, फ्लॅश न लावता. प्रत्येक कागदाची पाठही घ्या, पाठीवर बहुधा कुणीतरी दोन शब्दांत विषय लिहून ठेवलेला असतो. कागद ज्या क्रमाने, ज्या गठ्ठ्यात बांधलेत तो क्रम मोडू नका. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. प्रेमापोटी लॅमिनेट केलेल्या सनदा पिवळ्या पडून आतल्या आत मेलेल्या मी पाहिल्यात.

मोडी यायच्या आधीही कागद थोडं बोलतात. स्टॅम्पपेपर असेल तर वरचा छाप बघा. व्हिक्टोरिया राणी, एडवर्ड, जॉर्ज, जो कुणी असेल त्यावरून अदमास लागतो. तुमच्या भागात संस्थानांचे स्वतःचे स्टॅम्पपेपरही होते. कारण मिरज तालुक्यातली शेजारशेजारची गावं वेगवेगळ्या राज्यांत असत, एक सांगलीकर पटवर्धनांकडे, दुसरं थोरल्या मिरजेकडे, तिसरं धाकट्या मिरजेकडे म्हणजे बुधगावला, आणि मध्येच एखादं इंग्रजी अमलाखालचं. ही संस्थानं ८ मार्च १९४८ ला विलीन झाली. म्हणून तुमच्या पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली म्हणजे 'आमचं गाव १९४८ च्या आधी कुणाचं होतं?' हा प्रश्न. ते कळल्याशिवाय कुठल्याही दफ्तरखान्याची पायरी चढू नका, नुसते हेलपाटे होतात. याच मिरजेत वासुदेवशास्त्री खरे नावाच्या शाळामास्तरांनी नोकरी सांभाळून पटवर्धनांच्या दफ्तरातले हजारो कागद वाचून छापले. त्यांचे 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड जुन्या ग्रंथालयांत मिळतात. त्यांची सूची चाळा, तुमच्या गावाचं नाव सापडेलसुद्धा.

मोडी शिकायची कुठे? महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. मुंबईत ते काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, म्हणजे तुम्हाला सीएसएमटीला उतरून चालत जाण्यासारखं. पुण्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९१० साली उभारलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथेही मोडीचे वर्ग होतात. टाळेबंदीनंतर संध्याकाळचे ऑनलाइन वर्गही बरेच निघाले. चौकशी करा आणि ज्याची वेळ जमेल तो धरा, पहिल्या वर्गात कोण शिकवतं याने फारसा फरक पडत नाही.

वर्ग दहा-पंधरा दिवसांचा. मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं होतात, शेवटच्या दिवशी फोटो निघतो. मग तुम्ही घरी येऊन आजोबांचा कागद समोर घेता आणि काही म्हणता काही वाचता येत नाही. सगळ्यांचं असंच होतं, घाबरू नका. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. शब्द कुठे संपला ते कळत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, विरामचिन्ह नाही. त्यात लिहिणारा कुलकर्णी घाईत. यावर एकच औषध मला लागू पडलं, रोज अर्धं पान जसंच्या तसं हाताने उतरवणं. हात वळला की डोळा वळतो. आणि साठीचं काय घेऊन बसलात! तीसेक वर्षं काउंटरवर लोकांच्या सह्या पडताळल्यात. 'हा त्याच माणसाचा हात आहे का' हे ओळखणारी नजर वर्गातल्या पोरांकडे नसते, ती तुमच्याकडे आहे.

दोन छोटे शब्द आत्ताच सांगून ठेवते. 'राणोजी बिन सटवाजी' म्हणजे सटवाजीचा मुलगा राणोजी. आणि 'सखू कोम राणोजी' म्हणजे राणोजीची बायको सखू. मी पहिले सहा महिने 'कोम' म्हणजे जात समजत होते. आडनाव कित्येकदा नसतंच, असलं तर पाटील, कुलकर्णी असं हुद्द्याचं. त्यामुळे आडनावावर शोधू नका, गाव आणि बापाचं नाव या जोडीवर शोधा.

तारखांचा घोळ याहून मोठा. माझ्या घरच्या एका गहाणखतावर 'सन १२४५' होतं. वर्गात शुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांतली अरबी वळणाची कालगणना शिकवली होती, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, म्हणून मी मोठ्या ऐटीत १८४४ काढलं. पण ज्याची त्या कागदावर निशाणी होती तो आमचा पूर्वज शके १७६३ मध्ये, म्हणजे १८४१ च्या सुमाराला वारल्याची नोंद माझ्याकडेच होती. मेलेला माणूस तीन वर्षांनी जमीन गहाण टाकत होता! मी त्यावरून 'एकाच नावाचे दोन पुरुष' असं ठरवलं, वंशावळीत एक जादा पिढी घुसवली आणि नातेवाइकांना वाटलीसुद्धा. पुढे वर्गातल्याच एका निवृत्त तलाठ्याने कागद हातात घेतला आणि मी उडवून लावलेला बारीक शब्द दाखवला, 'फसली', म्हणजे महसुली वर्षाची वेगळी गणना. फसलीत ५९० मिळवायचे. १८३५. माणूस जिवंत, तब्येत ठणठणीत, फक्त कर्जबाजारी. ती वाटलेली वंशावळ अजून दोन घरांत भिंतीवर टांगलेली आहे, आणि मी तिकडे गेले की तिच्याकडे पाठ करून बसते.

तुम्ही मंडळी कुठे भेटतील विचारलंत, त्याचं उत्तर यातच आहे. वर्गातली पाच-सहा माणसं धरून ठेवा. त्यात एखादा तलाठी, एखादी शिक्षिका, एखादा वतनदार घरातला आणि एखादं गड चढणारं पोरगं असलं की गट जमला म्हणायचा. प्रत्येकाला दुसऱ्याला न दिसणारं काही दिसतं. आठवड्यातून एक दिवस, एकाच कागदावर सगळ्यांनी बसायचं. मोबाइलवरही असे गट आहेत, मोडीवाल्यांचे, कुळांचे, गावांचे. तिथे जाताना मात्र रीत पाळा. कागदाचा अर्धा कोपरा टाकून 'यात काय लिहिलंय प्लीज' असं विचारणाऱ्याला कुणी उत्तर देत नाही. पूर्ण पान द्या, गाव सांगा, कागद कुठल्या गठ्ठ्यातला ते सांगा आणि तुम्हाला जेवढं लागलं तेवढं, चुकलेलं का असेना, आधी लिहा. चूक दिसली की जाणत्या माणसाला राहवत नाही, तो धावून येतो. हयात माणसांच्या जन्मतारखा, जमिनीचे गट नंबर, घरातली भांडणं हे मात्र तिथे टाकू नका.

कुलमंडळांबद्दलही सांगते. बऱ्याच घराण्यांनी कुलवृत्तांत छापलेत, संमेलनं होतात, जेवणं छान असतात. तुमच्या कुळाचा असेल तर मिळवा, पण धागा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको. छापताना ज्या शाखेने माहिती पाठवली नाही ती शाखा निर्वंश ठरलेली मी पाहिली आहे, आणि तिचे चार नातू माझ्या ओळखीचे आहेत.

सरकारी दप्तराची शिकवणी फुकट असते, फक्त चप्पल झिजते. तलाठ्याकडचे जुने फेरफार, त्यातल्या वारसनोंदी ही तुमची पहिली इयत्ता. 'अमुक मयत, वारस मुलगे तीन, विधवा एक', एका ओळीत अख्खी पिढी. मग तहसीलच्या अभिलेख कक्षातलं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, गावातल्या जन्ममृत्यूची नोंद. त्यानंतर प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून हे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या दप्तराचे गठ्ठे, राज्यभर उघडले गेले. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला आणि तहसीलमधल्या लोकांनाही 'कोतवाल बुक' म्हटल्यावर तुम्ही काय मागताय ते चटकन कळू लागलं. त्याचा फायदा घ्या. लेखी अर्ज द्या, गावाचं नाव आणि वर्षांचा टप्पा नेमका लिहा, 'सर्व जुने कागद' असं मागू नका.

नाशिकला किंवा त्र्यंबकला घरातलं कुणी कधी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे तुमच्या गावाची वही असणार. गाव सांगितलं की कोणत्या गुरुजींकडे जायचं ते तिथला कुणीही दाखवतो. तिथे गेलेल्या पूर्वजाने स्वतःच्या हाताने नाव लिहिलेलं असलं तर ते पान बघताना काय होतं ते मी लिहीत नाही. सिंहस्थाच्या गर्दीत मात्र जाऊ नका.

मुलीचं अर्धं बरोबर आहे. फॅमिलीसर्च नावाचं संकेतस्थळ फुकट आहे, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्या सूक्ष्मफिती (मायक्रोफिल्म) करण्याचं मोठं काम त्याच संस्थेने केलं. तिच्याच रूट्सटेक परिषदेतली व्याख्यानं ऑनलाइन बघता येतात. तिकडचे चर्चचे दाखले तुमच्या कामाचे नाहीत, पण प्रत्येक नावापुढे ते कुठल्या कागदावरून आलं हे लिहायची त्यांची शिस्त घेण्यासारखी आहे. डीएनए चाचणीवर मात्र पैसे घालवू नका. ती तुम्हाला जुळणारी माणसं तेव्हाच दाखवते जेव्हा त्या माणसांनीही चाचणी केलेली असते, आणि तुमच्या भाऊबंदांपैकी किती जणांनी केली असेल? शिवाय घरात झाकलेलं काही वर आलं तर ते परत झाकता येत नाही.

मुलीला दुसरं एक काम द्या. मॉरिशसला कोकणातून मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आपलं गाव शोधत असतात. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची कागदपत्रं जपलेली आहेत; नाव, बापाचं नाव, जिल्हा, गाव, काहींचे तर फोटोसुद्धा. पण गावाचं नाव गोऱ्या कारकुनाने कानाला लागलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. ते गाव रत्नागिरीतलं कुठलं, हे तिकडे बसून कळत नाही, इकडच्या माणसाला दोन फोनमध्ये कळतं. इंग्रजी तुमच्या मुलीला येतं, गावं तुम्हाला माहीत. असं एखादं गाव शोधून दिलंत की त्या जगातली माणसं तुम्हाला आपणहून जोडली जातात.

राहता राहिले पंचवीस हजारवाले गृहस्थ. त्यांना एवढंच विचारा, "प्रत्येक पिढीला एक कागद दाखवाल?" फोन परत येणार नाही. साध्या शेतकरी घराची वंशावळ कागदोपत्री दीडशे-दोनशे वर्षं मागे गेली तरी ती फार झाली. त्यापलीकडे जे मिळतं ते बहुधा एखाद्या राजघराण्याला नेऊन चिकटवलेलं असतं. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या मोडी वाचकाकडून पानामागे दर ठरवून चार-पाच कागदांचं लिप्यंतर करून घ्या आणि ते शेजारी ठेवून मूळ कागद स्वतः लावत बसा. दिसायला महाग, पण शिकवणी म्हणून स्वस्त.

आणि इचलकरंजीला जाताना ट्रंकेतल्या एखाद्या ठळक अक्षराच्या कागदाचा फोटो भावाकडून मागवून, मोठा छापून बरोबर घ्या. आत्या ८७ च्या, म्हणजे शाळेत असतील चाळीसच्या दशकात. तेव्हा कित्येक मराठी शाळांत मोडीचा कित्ता गिरवायला लावत. विचारायच्या भानगडीत पडू नका. चहा झाला की कागद त्यांच्या हातात द्या आणि चष्मा शोधून द्या.